उंदरांची पंगत

उंदराची शिंक कानाला सहजासहजी ऐकू येत नाही, ती पाहावी लागते. डोकं एकदम खाली जातं, अंगाला झटका बसतो, मिशा फुलतात आणि मग तो पुढच्या दोन्ही पायांनी नाक चोळत बसतो. देऊळगाव राजाच्या बाहेर, जालना रोडला असलेल्या औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात जयमाला नागरे शिकवायला होती, आणि शिकवून उरलेला सगळा जीव तिनं ही शिंक पाहण्यात घातला होता. लोक पोरांची लग्नं लावण्यात वय घालवतात, तिनं ते शिंका मोजण्यात घालवलं, एवढाच फरक.

तिच्या डॉक्टरेटचा विषय होता गाजरगवत. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणाला ते पांढरंशुभ्र फुलतं आणि अर्धा तालुका नाक पुसत फिरतो. या फुलातल्या परागानं शिंका येतात ना, मग तोच पराग गाळून, स्वच्छ करून, अगदी थोडा थोडा रोज नाकात थेंबानं सोडायचा. शरीराला त्याची ओळख पटते आणि ते उगाच भांडायचं थांबतं. नव्या सुनेला सासर जसं हळूहळू अंगवळणी पडतं तसं, असं जयमाला वर्गात सांगायची. मुली खिदळायच्या. घरी मात्र ही उपमा तिनं कधी तोंडातून काढली नव्हती.

माणसाच्या आधी उंदीर, हा शास्त्राचा नियम. पांढरे, लाल डोळ्यांचे, बोटभर उंदीर तिनं आधी परागाच्या सुया टोचून टोचून गाजरगवताचे वैरी बनवले. पराग हुंगवला की बिचारे शिंकून शिंकून अर्धमेले होत. मग त्यांचे दोन गट केले आणि दोन मोठ्या पिंजऱ्यांत ठेवले. एका पिंजऱ्याला रोज नाकात औषधाचा थेंब, दुसऱ्याला नुसत्या मिठाच्या पाण्याचा. शेवटी दोघांनाही पराग हुंगवायचा आणि कोण किती शिंकतं ते पाहायचं. पाण्याचा पिंजरा शिंकला आणि औषधाचा गप्प राहिला, तर औषध खरं.

लाल झाकणाची बाटली डावीकडच्या पिंजऱ्याची, निळ्या झाकणाची उजवीकडच्या. कुठल्या बाटलीत औषध आणि कुठलीत पाणी हे जयमालाचे मार्गदर्शक डॉ. सराफ यांना तेवढं ठाऊक होतं. ते विद्यापीठात बसत. जयमालाला मुद्दाम सांगितलेलं नव्हतं, कारण जिथं आपला जीव अडकलेला असतो तिथं आपलेच डोळे आपल्याला फसवतात.

आणि जीव तर अडकलाच होता. विद्यापीठानं मुदत एकदा वाढवून दिली होती, आता पुन्हा देणार नव्हते. प्रयोग या हंगामात पुरा झाला नाही तर डॉक्टरेट गेली. डॉक्टरेट गेली की नोकरीत कायम होणंही गेलं, आणि जन्मभर दरवर्षी जूनमध्ये नव्यानं अर्ज करणारी बाई म्हणून राहायचं. हे सगळं त्या दोन पिंजऱ्यांवर होतं.

अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. थेंब सुरू केले आणि दुसऱ्याच दिवशी जयमालाला डेंग्यूनं आडवं पाडलं. उठून बसलं तरी डोळ्यापुढं अंधारी यायची. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागलेली. प्राण्यांचं पाहणारा गोविंदा दाणापाणी करायला येत होता, पण थेंब घालायचे त्याच्या हातून होणं नव्हतं. उंदीर हातात घेतला की तो आधी स्वतः ओरडायचा. जयमालाचा नवरा जीवन, त्याचं खता-बियाण्याचं दुकान. दुकानात उंदराचं औषध खपवणारा हा गृहस्थ जिवंत उंदराला मात्र असा भ्यायचा की पिंजरा म्हटलं तरी पाय वर घेऊन बसायचा.

"येईन मी घालून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्यात काय हाय येवढं? या गल्लीतल्या निम्म्या लेकराइच्या नाकात तेल म्याच घातलं."

मनकर्णाबाई म्हणजे जयमालाच्या सासूबाई. माहेर बीबी गावचं, हात खंबीर, आवाज त्याहून खंबीर. जयमालानं पडल्या पडल्या सगळं समजावून सांगितलं. लाल झाकण डावीकडं, निळं उजवीकडं, अदलाबदल होऊ द्यायची नाही, बाटल्या फ्रिजमध्ये, हात साबणानं धुवायचे.

"दोन्हीत काय हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"एकीत औषध. दुसरीत नुसतं मिठाचं पाणी."

"अन् कोनतीत काय?"

"ते मलाही माहीत नाही."

"तुले बी माईत नाही?" मनकर्णाबाईंनी डोळे बारीक केले. "म्हंजे एका पिंजऱ्यातल्याइले नुसतं पानी पाजाचं, अन् कोनाले ते आपल्याले बी ठावं नाही?"

"बरोबर."

मनकर्णाबाईंनी मान डोलावली. सासूबाईंना एवढ्या लवकर समजलं याचं जयमालाला कौतुक वाटलं आणि ती निर्धास्त झोपली. तापातल्या माणसाला सगळंच बरं दिसतं.

आता मनकर्णाबाईंची एक गोष्ट सांगायला हवी. त्या पंचक्रोशीत वाढपी म्हणून नावाजलेल्या होत्या. लग्न असो, तेरवी असो, भंडारा असो, वरणाची बादली त्यांच्या हातात असली की यजमान निश्चिंत. कारण फार जुनं होतं. लग्नानंतर त्यांचे भाऊ त्यांना पहिल्यांदा माहेरी न्यायला आले, तेव्हा सासरच्या पंगतीत त्या भावांना बादलीच्या वरचं पाणी वाढलं गेलं, आणि त्याच ओळीत बसलेल्या घरच्या जावयाला तळाचं घट्ट. त्या दोन्ही घरांत ही गोष्ट आता कुणाला आठवतही नव्हती, मनकर्णाबाई सोडून. त्यांनी तेव्हापासून बादली हातात घेतली ती सोडली नाही. पंगतीत आमदार बसो नाहीतर वाटसरू, एकाला जे पडेल तेच दुसऱ्याला. वरण कमी पडेल असं दिसलं तर त्या सरळ सगळ्या बादल्या एका हंड्यात ओतायच्या, आधणाचं पाणी घालायच्या आणि पुन्हा सारख्या भरून घ्यायच्या. पातळ तर सगळ्यांनाच पातळ. पंक्तिभेदासारखं पाप नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

बाईंनी उंदरांचं काम मात्र चोख केलं. रोज सकाळी अंघोळ करून, जीवनच्या मोटारसायकलवर मागं बसून त्या कॉलेजात जायच्या. उंदीर असा अलगद उताणा धरायच्या की तोही कुरकूर करत नसे. गोविंदा सांगत होता, आजी प्रत्येकाला थेंब घालताना "घे रे बापू" म्हणतात. जयमाला सावरली, कॉलेजला जायला लागली आणि शेवटचे काही दिवस तिनं त्याच बाटल्यांतून स्वतः थेंब घातले. सासूबाईंनी सांभाळलं, नाहीतर सगळं बुडालं असतं, असं ती जीवनला म्हणालीसुद्धा.

परीक्षेचा दिवस उजाडला. जयमालानं डावीकडच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना पराग हुंगवला आणि टक लावून बसली. कुणी शिंकलं नाही. एकानं दोनदा नाक चोळलं, तेही आळसानं. जयमालाच्या छातीत आनंद मावेना. म्हणजे लाल बाटलीत औषध होतं आणि ते लागू पडलं! तिनं उजवीकडचा पिंजरा घेतला. हे पाण्याचे, आता शिंकांचा पाऊस पडणार.

तेही शिंकले नाहीत. एक उंदीर चक्क झोपी गेला.

परागच शिळा असेल, जयमालाच्या मनात आलं. तिनं डबी उघडून प्रकाशात धरली. तेवढ्यात "काय झालं मॅडम?" म्हणत गोविंदानं वाकून डबीत पाहिलं, आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. गोविंदा शिंकत शिंकत दाराबाहेर गेला, व्हरांडाभर शिंकला, नळाखाली डोकं धरून शिंकला. परागात काही खोट नव्हती. त्या खोलीत प्रयोगाला साजेसा वागलेला प्राणी तो एकटाच.

तिनं डॉ. सराफांना फोन लावला. त्यांनी शिंका ऐकून घेतल्या, म्हणजे नसलेल्या शिंका.

"लाल बाटलीत औषध होतं," ते म्हणाले. "निळीत पाणी. पाण्यानं उंदीर बरे होत नाहीत, मॅडम. काहीतरी घोळ आहे."

"घोळ काहीच नाही, सर."

मग सर आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, तुमची मुदत संपतेय. गेल्या वर्षी तुम्ही सुरुवातीला औषधाविना ठेवलेल्या उंदरांचे शिंकांचे आकडे आहेतच ना? तेच या वर्षीच्या पाण्याच्या पिंजऱ्याचे म्हणून घाला. शिंका त्या शिंकाच. उंदीर काही तक्रार करायला येत नाहीत."

जयमाला "बघते" म्हणाली. घरी येईपर्यंत तिनं ते आकडे मनातल्या मनात दोनदा घातले आणि दोनदा काढले. घातले तर सगळं सुरळीत. पण मग इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून ज्या शिंका पाहिल्या, त्यांचं काय करायचं?

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिला राहवलं नाही. "आई, थेंब घालताना बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

"अदलाबदल कायची?" मनकर्णाबाई जीवनच्या ताटात तूप सोडत म्हणाल्या. "म्या पह्यल्याच दिसी दोन्ही बाटल्या एका वाटीत ओतल्या. वाटी उकळत्या पान्यानं धुतली होती हो, तू म्हंशीन. चांगलं हलवलं अन् दोन्ही बाटल्याइत सारखं भरून ठुलं."

जयमालानं हातातला घास ताटात ठेवला.

"काऊन?" तिनं विचारलं. कॉलेजातलं मराठी कधीच गळून पडलं होतं. "काऊन केलं तुमी असं?"

"काऊन म्हंजे? एका पिंजऱ्याले औषद अन् शेजारच्याले पानी? अन् तोंडावर म्हनाचं, घे बापू औषद? मले नाही जमत ते. सगळे एकाच दुखन्याचे, एकाच घरात बसेल. अन् तुले बी माईत नव्हतं कोनाचं काय हाय ते. मंग मी काय करू? थोडं पातळ झालं असन, पन सगळ्याइले भेटलं."

त्या हे लाजून सांगत नव्हत्या. उलट, सून शाबासकी कधी देते याची वाट पाहत होत्या. आणि लग्न होऊन आल्यापासून कधी चढला नव्हता तो जयमालाचा आवाज चढला.

"मुदत संपून राह्यली माही! सहा वर्षं घातली म्या याच्यात! पंक्तिभेद म्हंता? उंदराइचा पंक्तिभेद दिसला तुमाले! या घरात साय कोनाच्या ताटात पडते अन् करपेल भाकर कोनाच्या, ते कधी दिसलं नाही?"

जीवननं ताटावरचा हात मागं घेतला. त्याच्या ताटात त्या वेळी साय, तूप आणि मधली मऊ भाकर असा सगळा पुरावाच होता.

मनकर्णाबाई थक्क होऊन सुनेकडं पाहत राहिल्या. "व माय," त्या म्हणाल्या, "तू कुठं पंगतीत बसेल हायस? तू तं माह्यासंगं वाढनारी. वाढनाऱ्याइचं मांगून असते, जे उरन ते. म्या बी तेच खाल्लं जलमभर." आणि त्यांनी खरोखरच आपलं ताट पुढं सरकवून दाखवलं. त्यात करपलेल्या भाकरीचा दुसरा अर्धा तुकडा होता.

हा मान होता की शिक्षा, हे इतक्या वर्षांत कुणी ठरवलं नव्हतं आणि आज ठरणारही नव्हतं. जयमाला उठून हात धुऊन आली. मनकर्णाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जयमालानं सरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. वाटी सांगितली, उकळतं पाणी सांगितलं. "गेल्या वर्षीचे आकडे या वर्षीचे म्हणून मी घालणार नाही, सर. डॉक्टरेट गेली तर गेली," असं तिनं सांगून टाकलं.

पलीकडं सर आधी खोकले, मग हसायला लागले.

"अहो म्हणजे दोन्ही पिंजऱ्यांना अर्धं औषध गेलं? आणि अर्ध्या औषधात एकही शिंकला नाही? मॅडम, अहो, एवढी कमी मात्रा आपण करून बघायची हिंमतच केली नव्हती! गेल्या वर्षीचे आकडे गेल्या वर्षीचे म्हणूनच शेजारी मांडू. प्रबंध थोडा लंगडा होईल, पण चालेल. खरं म्हणजे पळेल. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा."

आकडे बदलायचा सल्ला आपणच दिला होता हे सर आता साफ विसरले होते, आणि जयमालानंही आठवण करून दिली नाही. तिला एकदम हलकं वाटलं. अर्धवट ऐकत असतानाच सरांचं पुढचं वाक्य आलं.

"आता नुसत्या शिंकांवर भागणार नाही. उद्याच फुप्फुसांचे आणि नाकाच्या आतल्या त्वचेचे नमुने काढा. दोन्ही पिंजऱ्यांचे. एकही सोडू नका."

"हो सर," जयमाला म्हणाली. फुप्फुस काढलं की उंदीर उरत नाही, पण यात नवीन काही नव्हतं. प्रयोगाची ही पायरी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. तिनं आजवर कितीतरी वेळा ते काम केलं होतं.

घरी मनकर्णाबाई उंबऱ्याशी बसून होत्या. सकाळपासून त्यांनी पोटात काही घातलं नसावं. जयमालानं चपला काढता काढता सांगून टाकलं, "काम झालं, आई. सरांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तुमच्या पातळ औषधानंच उंदीर बरे झाले म्हणतात."

"खरं सांगतं?" म्हातारीचा चेहरा उजळला. त्यांनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि लगेच सावरून बसल्या. "मी म्हनलंच होतं. सारखं वाढलं की बरकत असते." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मंग आता त्याइचं काय?"

"कोणाचं?"

"माह्या पंगतीचं. बरे झाले ना ते? आता सोडून देशीन?"

दुपारीच जयमालानं एक आकडा खोटा लिहायला नकार दिला होता. आयुष्याचं सगळं पणाला लावून दिला होता. त्याचा अभिमान अजून तिच्या अंगात होता. तिनं सासूबाईंच्या तोंडाकडं पाहिलं.

"हो, आई," ती म्हणाली. "उद्या सोडते."

"वावरात नको सोडू व. जीवनच्या दुकानातलं औषद नेऊन लोक तिथंच टाकतात. कालेजाच्या मांगं पडीक हाय ना, तिथं सोड."

"तिथं तर सगळं गाजरगवत माजलंय."

"मंग काय झालं?" मनकर्णाबाई दिलखुलास हसल्या. "आता त्याइले कुठी तरास होते?"

जयमालाला हसता आलं नाही. सासूबाईंना ती दमली आहे असं वाटलं आणि त्यांनी तिला चहा करून दिला.

सकाळी ती निघाली तेव्हा मनकर्णाबाईंनी तिच्या हातात दोन पुरचुंड्या ठेवल्या. भाकरीचा चुरा, भाजलेले शेंगदाणे आणि किंचित गूळ. दोन्ही सारख्या बांधलेल्या, सारख्या वजनाच्या.

"लांब जानाऱ्याले रिकामं धाडू नये," त्या म्हणाल्या. "एक एका पिंजऱ्याची, एक दुसऱ्याची. कमीजास्त नको करू."

कॉलेजात गोविंदानं टेबल पुसून ठेवलं होतं. कात्र्या, चिमटे, लेबल लावलेल्या बाटल्या आणि बेशुद्धीच्या औषधाची झाकणाची बरणी, सगळं ओळीनं मांडलेलं होतं. मॅडम आल्या तशा उंदरांची तोंडं जाळीकडं वळली. माणसाच्या हाताला आता सरावल्या होत्या त्या स्वाऱ्या. जयमालाला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुणाला सांगावी असं तिथं कुणी नव्हतं.

"सुरू करायचं का मॅडम?" गोविंदानं विचारलं.

"थांब जरा."

तिनं पुरचुंड्या सोडल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं, चिमटीनं प्रत्येकाच्या पुढ्यात सारखं सारखं घातलं. दोन्ही पिंजऱ्यांत खाण्याची बारीक कुरकुर सुरू झाली. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं हातमोजे चढवले आणि गोविंदाला बरणीचं झाकण काढायला सांगितलं.